फॉर्म सोळामधला उपकर आणि शाळेच्या सादिलचे पैसे

गेल्या अंकात अर्थसंकल्प कसा वाचावा यावर लिहिलं होतं. त्यावर पुष्कळ पत्रं आली. शिक्षण, कर, आरोग्य आणि संरक्षण यांवर अभ्यासक बोलतात, लिहितात. त्यातलं आपल्या दारापर्यंत काय येतं, हा बहुतेक पत्रांचा सूर आहे. बत्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात बिलं तपासली आणि लेखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. जे हाताखालून गेलं त्याच्या आधारानं सांगतो.

प्रश्न : मी दोनशिक्षकी शाळेवर आहे, पट २६. माझ्या फॉर्म सोळावर दर वर्षी ‘आरोग्य व शिक्षण उपकर ४ टक्के’ अशी ओळ असते. शिक्षणासाठी पगारातून पैसे कापले जातात आणि शाळेचं वीजबिल आम्ही दोघी पुन्हा पदरचे पैसे घालून भरतो. माझा उपकर माझ्या शाळेत कधी येतो? (एक शिक्षिका, ता. पेठ, जि. नाशिक)

ताई, तो उपकर म्हणून तुमच्या शाळेत कधीच येत नाही. का येत नाही ते जरा सविस्तर सांगतो, कारण इतकं नेमकं बोट ठेवणारा प्रश्न मला फार दिवसांत कुणी विचारला नव्हता.

समजा तुमचा वर्षाचा आयकर ५० हजार झाला. त्यावर चार टक्के म्हणजे २ हजार रुपये उपकर. कर आणि उपकर एकाच पगारातून कापले जात असले तरी पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. आयकर वाटपाच्या भांड्यात पडतो. पंधराव्या वित्त आयोगानं ठरवल्याप्रमाणे त्या भांड्यातला ४१ टक्के वाटा राज्यांचा, आणि तो त्यांचा हक्क आहे. उपकराला मात्र घटनेच्या कलम २७० नं या वाटपातून वगळलं आहे. तुमच्या ५० हजारांत महाराष्ट्राचा हक्काचा वाटा आहे, २ हजारांत नाही. तुमचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो, शाळा जिल्हा परिषदेची आहे, आणि शिक्षणाच्या नावानं घेतलेली रक्कम मात्र दिल्लीची.

२००४ साली प्राथमिक शिक्षणासाठी म्हणून २ टक्के उपकर लागला. २००७ साली माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का आला. २०१८ च्या अर्थसंकल्पात दोन्ही काढून आरोग्य व शिक्षण मिळून ४ टक्के केला. पहिल्या २ टक्क्यांसाठी प्रारंभिक शिक्षा कोष नावाचं वेगळं खातं उघडलं गेलं. त्यातून सर्व शिक्षा अभियान आणि शालेय पोषण आहाराला पैसा गेला, हे मान्य करायला हवं. पण माध्यमिकच्या १ टक्क्यासाठी कोषाला मंजुरी मिळायला २०१७ साल उजाडलं. तोवर दहा वर्षं लोक तो उपकर भरत होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगनं, २०१७-१८ पर्यंत या नावानं जमा झालेल्या सुमारे ९४ हजार कोटी रुपयांवर बोट ठेवलं आहे. पुढे २०१८-१९ चा सगळ्या उपकरांचा हिशेब कॅगनं मांडला. पस्तीस उपकर आणि तत्सम आकारण्यांतून २ लाख ७४ हजार कोटी आले, त्यातले १ लाख ६४ हजार कोटी आपापल्या निधीत गेले, उरलेले सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीतच राहिले.

कुणी म्हणेल, शेवटी सरकार शिक्षणावर उपकरापेक्षा जास्तच खर्च करतं, मग कुठल्या खिशातून केला याला काय महत्त्व? मला ते पटत नाही. मुलांचं नाव घेऊन पैसे मागितले तर ते मुलांच्या खात्यात पडलेले दाखवता आले पाहिजेत. चौथीच्या सहलीची वर्गणी काढणाऱ्या शिक्षकालाही आपण हाच नियम लावतो.

तुमच्या शाळेत काही येतंच असेल तर ते वळसा घालून येतं. समग्र शिक्षा योजनेत केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के असतात. तीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेला त्यातून वर्षाला १० हजारांचं संयुक्त अनुदान आहे, आणि त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर घालायचा असतो. त्यात खडू, रजिस्टरं, किरकोळ दुरुस्ती आणि वीजबिल बसवायचं. याखेरीज सादिल, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचं अनुदान. ते कसं येतं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पंचायत समितीत असतानाची गोष्ट आहे, कुठली ते सांगत नाही. ३१ मार्च, संध्याकाळचे साडेपाच. बीडीएसवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, सादिलची तरतूद उतरली. बारा वाजायच्या आत बिल कोषागारात जाऊन टोकन पडलं नाही तर रक्कम व्यपगत, म्हणजे बुडाली. केंद्रप्रमुखांना फोन लावून लावून पावत्या मागवल्या. एक वयस्कर मुख्याध्यापक कापडी पिशवीत रोकडवही घेऊन एसटीनं आले. त्यांनी जुलैत वीजबिल भरलं होतं, ऑगस्टमध्ये हजेरीपत्रकं आणली होती, सगळं पदरच्या पैशांनी, एकूण १,८४० रुपये. पावत्या एकीखाली एक टाचून, वर पेन्सिलीनं बेरीज. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की अनुदान मार्चमध्ये आलं, मग खर्च जुलैत कसा? तो आक्षेप माझ्या टेबलावरून गेला. नियम तसाच होता, मी सही केली. ती सही आजही मला बोचते. मुलांना अंधारात बसवलं नाही म्हणून त्या माणसाकडून खुलासा मागवला गेला.

ताई, नाव घेऊन घेतलेला कर नीट वापरता येतो याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. तुमच्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापतात. तो १९७५ साली लागला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगावजवळच्या विसापूरला ही कल्पना आधी करून पाहिली होती, आणि १९७२ च्या दुष्काळानं तिची गरज घरोघर पटवली. जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्यानं आपल्या पदरची घालायची, असं ठरलं होतं. नोकरदारांनी कुरकुर केली असेल, पण बांधावर माती टाकणाऱ्या बाईची मजुरी आपल्या पगारातून जाते हे त्यांना दिसत होतं. शिक्षण उपकराच्या बाबतीत तुम्हाला काहीच दिसत नाही, हे माझं खरं दुखणं आहे.

प्रश्न : माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा जीएसटी शून्य झाला. गिऱ्हाईक म्हणतं, बारा टक्के उतरलाच पाहिजे. मला घाऊक बाजारात तेवढा उतार मिळत नाही. मी खोटा पडतो. (दुकानदार, लातूर)

तुम्ही खोटे नाही. वही करमुक्त झाली की वही बनवणाऱ्याला शाई, पुठ्ठा, बांधणी, वाहतूक यांवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर किमतीत मुरतो. म्हणून भाव उतरतो, पण पूर्ण बारा टक्के उतरत नाही. घाऊक बिलाची प्रत काउंटरवर लावा. लोकांना बिल वाचता येतं.

प्रश्न : आमच्या कुटुंबाला महात्मा जोतिराव फुले योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत. एका अभ्यासकांचं म्हणणं वाचलं की सरकारनं दवाखाने चालवण्यापेक्षा विम्याचा हप्ता भरावा. मग गावचं उपकेंद्र बंद झालं तर बिघडलं कुठं? (शेतकरी, जि. वाशीम)

दादा, खूप बिघडेल. माझ्या घरचं उदाहरण देतो.

माझ्या थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी याच योजनेत झाली. शहरातलं खासगी रुग्णालय, नाव लिहीत नाही. भरती रविवारी झाली, आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलावर कुणी नव्हतं, आणि काउंटरवरच्या माणसानं तपासण्यांचे म्हणून ७,४०० रुपये रोख घेतले. योजनेत रोख घेता येत नाही. आम्ही १५५३८८ वर तक्रार नोंदवली, पावती जोडली, अडीच महिन्यांनी पैसे परत मिळाले. माझं आयुष्य कागदांत गेलं म्हणून मी पावती मागितली. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं मागितली नव्हती. तरीही ही योजना नसती तर भावानं दोन एकर विकले असते, त्यामुळे योजनेचा मी ऋणी आहे.

आता पुढचं ऐका. भावाचा ब्लडप्रेशर दहा वर्षं वाढलेला होता आणि तो कुणी मोजलाच नव्हता. योजनेचं कार्ड माणूस खाटेवर पडल्यावर कामाला येतं. पड‌ण्याआधी दंडाला पट्टा बांधून मोजणारी नर्सबाई आणि घरी येऊन ‘काका, गोळी घेतली का’ विचारणारी आशाताई ही उपकेंद्राची माणसं. आज भाऊ महिन्याच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणतो. तिथं त्या संपल्या की मेडिकलमधून विकत आणतो आणि पॅकेजची मुदत संपल्यावर तो खर्च कुठलंच कार्ड भरत नाही. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता. फरक मोठा आहे आणि चांगला आहे. पण राहिलेल्या खर्चात गोळ्या आणि तपासण्यांचा हिस्सा मोठा आहे, आणि तो खाटेबाहेरचा आहे.

मैदानी भागात ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा मापदंड आहे. आदिवासी आणि डोंगरी भागात ३ हजार आणि २० हजार. तुमचं उपकेंद्र या हिशेबात बसतं का, नर्सबाईचं पद भरलेलं आहे का, ग्रामसभेत विचारा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं लिहिलं होतं. विम्याचा हप्ता भरून मोकळं व्हा म्हणणाऱ्या अभ्यासकांनी आधी त्या अडीच टक्क्यांबद्दल बोलावं.

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. पारावर वाद झाला. एक पोरगं म्हणालं, सैन्याचं बजेट शिक्षणाच्या पाचपट आहे, ते कापा म्हणजे शाळा सुधारतील. मला फार लागलं. तुमचं मत? (माजी सैनिक, ता. कोरेगाव, जि. सातारा)

सुभेदारसाहेब, त्या पोराचा आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला अर्थ चुकला. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी आहेत आणि केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाला १ लाख २८ हजार ६५० कोटी. पाचपटीहून थोडं जास्तच. पण संरक्षण हा विषय एकट्या केंद्राचा आहे. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे आहे आणि गावातल्या मास्तरांचा पगार राज्य देतं. सगळ्या राज्यांचा खर्च न धरता केलेली ही तुलना अपुरी आहे. शिवाय त्या ६ लाख ८१ हजार कोटींतले १ लाख ६० हजार ७९५ कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. नव्या तोफा, विमानं, जहाजं यांसाठीचा भांडवली हिस्सा १ लाख ८० हजार कोटींचा. तुमचं पेन्शन कापून शाळेच्या भिंतीला रंग द्यावा असं त्या पोराच्याही मनात नसणार. त्याला समजावून सांगा, रागावू नका. तो प्रश्न विचारतोय हे चांगलंच आहे.

यातली एक गोष्ट मात्र मला दोन्ही बाजूंना सांगायची आहे. जुलै २०१९ मध्ये पंधराव्या वित्त आयोगाच्या कार्यकक्षेत एक मुद्दा नव्यानं घातला गेला, संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेसाठी स्वतंत्र निधी असावा का हे पाहण्याचा. राज्यांच्या वाट्यावर टाच येईल का, अशी चर्चा तेव्हा झाली. आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी २ लाख ३८ हजार ३५४ कोटींचा निधी सुचवला, आणि तो व्यपगत न होणारा असावा असं म्हटलं. तुम्ही फौजेत होता, तुम्हाला कारण सांगायला नको. तोफेची खरेदी चाचण्यांत, करारांत वर्षानुवर्षं चालते. ३१ मार्चला पैसा बुडाला तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. आयोगाचा विचार मला शंभर टक्के पटतो.

आणि म्हणूनच वाटतं, की हाच विचार शाळेच्या सादिलला आणि उपकेंद्राच्या औषधांना का लागू करू नये? रक्कम वाढवायचीसुद्धा गरज नाही, ती ३१ मार्चला मरू नये एवढंच. तुमच्या कोरेगावच्या शाळेतून पुढे भरतीला जाणारी पोरं त्याच वर्गात बसतात. भरतीच्या मैदानावर डॉक्टर ज्यांना दृष्टी, दात, वजन यांवरून बाजूला काढतात, त्यांची तपासणी सहा-सात वर्षं आधी शाळेत झाली असती तर त्यातले कितीतरी आज वर्दीत असते. हे मुद्दे पारावर मांडले तर वाद वेगळ्या वळणावर जाईल.

प्रश्न : मी अर्थशास्त्र घेऊन टी.वाय.ला आहे. गाव बीड जिल्ह्यात. पुढे सार्वजनिक धोरणाचा अभ्यास करायचा आहे. घरी म्हणतात, नुसतं लिहून-बोलून सरकार बदलतं का? मलाही कधी कधी तसंच वाटतं. काका, खरंच काही बदललं आहे का? (विद्यार्थिनी, पुणे)

बाळ, ज्या शहरात तू शिकतेस तिथंच याचं उत्तर आहे.

१९ ऑक्टोबर १८८२ ची तारीख असलेलं निवेदन जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे ठेवलं. साम्राज्याचा बहुतेक महसूल रयतेच्या घामातून येतो, वरचे श्रीमंत वर्ग तिजोरीत जवळजवळ काहीच घालत नाहीत, आणि शिक्षणाचा पैसा मात्र त्यांच्याच उच्च शिक्षणावर जातो, हा त्यांचा मुद्दा. मग ते थेट लोकल फंडावर, म्हणजे स्थानिक पट्टीतून जमणाऱ्या निधीवर आले. त्यातला निम्मा हिस्सा फक्त प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा, आणि किमान बाराव्या वर्षापर्यंत ते सक्तीचं व्हावं. कर कुणी भरला आणि कुणाला मिळाला, हा प्रश्न त्यांनी १८८२ साली पुण्यातून विचारला.

त्यानंतर वीस वर्षांनी, २६ मार्च १९०२ ला, कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात पस्तीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले. दुष्काळ आणि प्लेगनं देश खंगलेला, आणि सरकारच्या हिशेबात ७ कोटींची शिल्लक. बाकीचे सदस्य अर्थमंत्र्यांचं अभिनंदन करत होते. गोखल्यांनी सांगितलं की मला मनापासून या अभिनंदनात सामील होता येत नाही. लोक इतके हलाखीत असताना उरलेली शिल्लक म्हणजे जास्तीचा घेतलेला कर, असं त्यांनी दाखवून दिलं. मिठावरचा कर, सैन्यावरचा वाढता खर्च आणि शिक्षणाची उपासमार एकाच भाषणात मांडली. त्या आकड्यांमागे सोलापूरचे एक शाळामास्तर होते, गणेश व्यंकटेश जोशी. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात ते वर्षानुवर्षं सरकारी अहवाल चाळून लिहीत. गोखल्यांना कायदेमंडळात कुणी आकड्यांत अडवू शकलं नाही, त्यात जोशींचा वाटा फार मोठा होता. मला या दोघांत जोशी जास्त जवळचे वाटतात, कारण दिवसभर शाळा करून रात्री महसुलाचे तक्ते घेऊन बसणारा माणूस मला ओळखीचा वाटतो.

फळ मिळालं का? मिठाचा कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड, १९०७ साली एक रुपया झाला. आयकर माफीची मर्यादा ५०० वरून १,००० वर गेली तीही १९०३ साली. एकट्या भाषणानं हे झालं असं मी म्हणणार नाही, पण त्या मागण्या त्या भाषणानं कागदावर, आकड्यांसह, सरकारच्या तोंडावर मांडल्या होत्या.

आणि एक लढाई ते हरले. मार्च १९११ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, सुरुवातीला फक्त मुलग्यांसाठी, स्थानिक संस्थांना सक्ती करण्याची मुभा, दोन वाटे खर्च सरकारचा आणि एक वाटा स्थानिक संस्थेचा, त्यासाठी शिक्षणपट्टी बसवायची सोय, आणि महिना १० रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकांना फी माफ. १९ मार्च १९१२ ला ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. १९१५ साली गोखले गेले. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला.

त्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. शिक्षणासाठी नेमलेल्या १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करावा, हे त्या आयोगाचं. १९६८ च्या धोरणात ते आलं, २०२० च्या धोरणात पुन्हा आलं. अजून तिथं पोचलेलो नाही. तुझ्या पिढीच्या वाट्याला आलेलं अर्धवट काम म्हणजे हेच.

अभ्यास करशील तेव्हा माझी एक सवय उचल. भाषणातला आकडा घेऊ नकोस, लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातला त्या खर्चाचा क्रमांक काढ. सर्वसाधारण शिक्षण २२०२, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य २२१०. त्याखाली तीन रकाने बघ, अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च. मार्चमध्ये जाहीर झालेली रक्कम प्रत्यक्षाच्या रकान्यात किती उरते ते बघितलंस की कुणाचं लिखाण गंभीर आहे आणि कुणाचं नाही हे तुला आपोआप कळायला लागेल. घरच्यांना सोलापूरच्या जोशी मास्तरांची गोष्ट सांग.

पेठच्या ताईंना एक विनंती राहिली. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. येत्या बैठकीत शाळेची रोकडवही त्यांच्यापुढे ठेवा आणि दोन तारखा ठरावात लिहून घ्या, वीजबिल भरल्याची आणि अनुदान खात्यावर जमा झाल्याची. त्या ठरावाची प्रत मला पाठवा. आणखी कुणा शाळेनं पाठवली तर तीही चालेल. मी त्या तारखा एकाखाली एक मांडून याच पानावर छापायला देईन.